आकाशवाणीसाठी प्रत्येक घराने शुल्क द्यावे का, आणि त्याने निवेदक सुधारतील का?

पांझराकाठ (धुळे)

जळगावच्या एका सदस्याने काल या मंचावर लिहिले की आकाशवाणीची जिल्ह्यातील केंद्रे आता कुणी ऐकत नाही. तेथील निवेदक समोरचा कागद वाचून दाखवतात, तर खासगी एफएमचे निवेदक माणसाशी माणसासारखे बोलतात. म्हणून ज्यांना आकाशवाणी हवी असेल त्यांनी वर्गणी भरून ती चालवावी, इतरांच्या करातून तिचा खर्च होऊ नये, असे त्यांचे म्हणणे. हे मत एका ओळीत खोडून सोडून देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

निवेदक कागद वाचतात हे मला मान्य आहे. मात्र ते तसे का वाचतात, हा प्रश्न त्या सदस्याला पडलेला दिसत नाही. कायमस्वरूपी उद्घोषक निवृत्त होत गेले, त्यांच्या बहुतेक जागा रिकाम्याच राहिल्या, आणि माइकसमोर आता बहुधा नैमित्तिक उद्घोषक बसतो, ज्याच्या वाट्याला महिन्यातून मोजक्या ड्युट्या येतात. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात आपले नाव असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो थेट प्रक्षेपणात पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारील, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडले हे कुणीही वाचून दाखवील. तापीकाठच्या गावांना सूचना किती वाजता मिळाली, ती मिळण्याआधी पाणी सोडले होते का, आणि सोडले असल्यास का सोडले, हे शांतपणे, आवाज न चढवता, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणारा निवेदक घडायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

म्हणून माझे मत त्या सदस्याच्या अगदी उलट आहे. शुल्क असावे, पण ते फक्त ऐकणाऱ्याकडून नव्हे, तर प्रत्येक घराकडून, अगदी थोडे, आणि त्याचा ठरावीक वाटा ज्या जिल्ह्यातून गोळा झाला त्याच जिल्ह्याच्या कार्यक्रमांवर खर्च व्हावा. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात आला १९९७ मध्ये. त्यात स्वायत्तता लिहिलेली आहे, पण पगाराचा पैसा केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. जर्मनीत प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो देते, घरात संच असो वा नसो. किती रक्कम लागेल याचा हिशेब सरकार नव्हे तर एक स्वतंत्र आयोग मांडतो, आणि एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ती लागू करायला लावली. पैसा ज्याच्या हातात, शब्द त्याचा. तो हात श्रोत्याचा का नसावा?

केळीबाग (यावल)

आपण तळमळीने लिहिले आहे, पण प्रत्येक घराचे शुल्क म्हणजे वीजबिलात आणखी एक रकाना, आणि तो वाढवण्याला माझा ठाम विरोध आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. जे आमच्या मालकीचे आहे त्यासाठी आम्ही कर भरतो, आणि आता त्यावर शुल्कही द्यायचे? सालदाराच्या घराला आणि बंगल्याला सारखीच रक्कम लावणारे शुल्क न्याय्य कसे, हे आधी सांगा. ब्रिटनमध्ये टीव्हीचा परवाना नसल्याबद्दल ज्यांना शिक्षा होते त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे, कारण तपासनीस येतो तेव्हा दार उघडणारी बहुधा तीच असते. वसुलीचा भार शेवटी कुणावर पडतो, हे त्यावरून समजून घ्यावे.

निवेदकांविषयी माझा अनुभव सांगतो. आपल्या भागातील एका केंद्राच्या फोन-इन कार्यक्रमात मी केळीवरील करप्याविषयी विचारले होते. माझ्या दोन फवारण्या करून झाल्या होत्या आणि तरीही पाने जळत होती, म्हणून पुढे काय करावे हा माझा प्रश्न होता. निवेदकाने वाक्य पुरे होऊ दिले नाही, पहिल्या फवारणीचेच औषध आणि प्रमाण वाचून दाखवले, धन्यवाद म्हटले आणि फोन बंद झाला. समोर बसलेल्या तज्ज्ञाला माझा प्रश्न पोहोचलाच नाही. भाव तर बुऱ्हाणपूरच्या लिलावाचा आणि रावेरचा सकाळीच मोबाइलवर येतो. मग मी पैसे नेमके कशाचे देऊ?

डाकखाते, निवृत्त (अमळनेर)

शुल्काची चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांनी रेडिओचा परवाना पाहिला आहे? ते लहानसे पुस्तक मी टपाल कार्यालयाच्या खिडकीवर वर्षानुवर्षे हाताळले. सत्तरच्या दशकात रेडिओला वर्षाचे १५ रुपये, पुढे टीव्हीला ५०, आणि नूतनीकरण टपाल कार्यालयात. तपासणी होणार अशी कुणकुण लागली की खेड्यातली माणसे संच धान्याच्या कोठीत ठेवायची. आमच्यापैकी काहींना ती तपासणी करताना लाज वाटे, कारण ज्याच्याकडे ते १५ रुपये नसत त्याच्याकडे तो संच हीच घरातली एकमेव किमती वस्तू असे. १९८० च्या दशकात परवाना गेला तेव्हा खात्यात कुणालाही वाईट वाटले नाही.

यावलच्या भाऊंनी ब्रिटनचा दाखला दिला, त्यात एक भर घालतो. तेथे केवळ रेडिओसाठीचा परवाना १९७१ मध्येच बंद झाला, आजचा परवाना टीव्हीचा आहे आणि रेडिओ त्याच पैशावर चालतो. म्हणजे त्यांनाही रेडिओच्या श्रोत्याकडून वेगळी वसुली परवडली नाही.

माजी आरजे (जळगाव)

मी काही वर्षे खासगी एफएमवर निवेदन केले आहे आणि येथे आमच्याविषयी जे बोलले जाते ते अर्धवट आहे. आम्ही गंभीर विषयावर बोलत नाही म्हणून आम्ही थिल्लर, असे सर्रास म्हटले जाते. आम्हाला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. हतनूरच्या दरवाजांवर मी अधिकाऱ्याला प्रश्न विचारले असते तर तो कार्यक्रम बातमीत मोडतो की नाही, यावरून आमच्या व्यवस्थापनाने मला आधीच थांबवले असते.

आणि तरीही लोक आम्हाला ऐकतात, कारण आम्ही समोरच्याचे बोलणे ऐकून घेतो. यावलच्या भाऊंचा फोन मी तोडला नसता. तेवढे शिकायला शुल्क लागत नाही, पांझराकाठ.

पांझराकाठ (धुळे)

ऐकून घेता हे मान्य करतो, पण पुढच्याच क्षणी जाहिरातीसाठी त्याला थांबवता हेही खरे आहे. आणि तुमच्या केंद्रांवरची ती भाषा! धुळ्यात बसून अर्धी हिंदी, अर्धी मुंबईची मराठी. खान्देशातल्या श्रोत्याशी बोलायचेच असेल तर अहिराणीत बोला. २०११ च्या जनगणनेत, अहिराणी ज्यात मोजली जाते त्या खान्देशी गटात, १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे, आणि तरीही अहिराणी निवेदकाच्या तोंडी येते ती प्रहसनातल्या गावंढळ पात्राच्या आवाजात. सार्वजनिक शुल्क हवे ते याचसाठी. अहिराणीतून पीककर्जावर गंभीर चर्चा करणारा निवेदक जाहिरातदार कधीही पोसणार नाही.

केळीबाग (यावल)

खान्देश म्हणजे अहिराणी हे आपण परस्पर कसे ठरवलेत? यावल-रावेरच्या पट्ट्यात आम्ही लेवा गणबोली बोलतो. बहिणाबाईंच्या ओव्या घरोघर म्हटल्या जातात त्या याच बोलीत, आणि त्याही अहिराणी म्हणून दाखवणारे निवेदक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. शहाद्याकडे गुजर समाजाची वेगळी बोली आहे, चोपडा-यावलच्या डोंगराकडेला तडवी आणि पावरा वस्ती आहे. आमच्याकडून पैसे घ्यायचे आणि कार्यक्रम धुळ्याच्या बोलीत करायचे, हीच जर योजना असेल तर तिला माझा दुप्पट विरोध आहे.

पांझराकाठ (धुळे)

मी धुळ्याची बोली लादतो आहे हा आरोप अन्यायाचा आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या सगळ्या मुलखात अहिराणी बोलली जाते, ती एका शहराची नाही. तुमच्या बोलीला विरोध करण्याचे मला कारणच नाही. पण संख्येने सर्वांत मोठ्या बोलीलाच आज जागा नाही, तेव्हा सुरुवात तिच्यापासून व्हावी, एवढे तरी मान्य करा.

डाकखाते, निवृत्त (अमळनेर)

मी घरात अहिराणीच बोलतो, आणि तरी सांगतो की बातम्या व शेतीचा सल्ला प्रमाण मराठीतच असावा. औषधाचे प्रमाण सांगताना तीन तालुक्यांत तीन शब्द झाले तर नुकसान शेतकऱ्याचेच होईल. बोलीत गप्पा, मुलाखती, गाणी जरूर असावीत.

अक्राणी (धडगाव)

आपण सर्व जण मोठ्या बोलींचे भांडण भांडत आहात. आमच्याकडे पावरी आणि भिली बोलतात. माझ्या आजीला आपली अहिराणीही परकी आणि प्रमाण मराठीही. दरीत उतरले की मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे भाव मोबाइलवर येतो हे यावलकर भाऊंचे म्हणणे आमच्या पाड्याला लागू नाही. रेडिओ तेथे लागतो, निदान रात्री तरी, आणि जो आवाज येतो तो आम्हाला उद्देशून नसतो.

माझा भाऊ उसतोडीला गुजरातेत गेला होता त्या वर्षी गावात गोवराची लस देणारे पथक येणार होते. ते कधी येणार याची माहिती पावरीतून कुठेही सांगितली गेली नाही आणि माझी वहिनी मुलाला घेऊन शेतावर निघून गेली. पथक आले आणि परत गेले. मुलाला पुढे गोवर निघाला. तो बरा झाला, पण आपण येथे औषधाचे प्रमाण कोणत्या शब्दात सांगावे यावर वाद घालता तेव्हा मला तेच आठवते.

शुल्काच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की स्वित्झर्लंडमध्ये रोमान्श बोलणारे सुमारे ६० हजार लोक आहेत आणि त्यांच्यासाठी रेडिओ चालतो, कारण सगळ्या देशाचे शुल्क एकत्र गोळा होते आणि मोठ्या भाषेचा पैसा लहान भाषेकडे वळतो. ते शुल्क रद्द करावे म्हणून २०१८ मध्ये सार्वमत झाले तेव्हा सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी रद्द करायला नकार दिला. जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यातच राहावा असे पांझराकाठ म्हणतात. तसे झाले तर नंदुरबारच्या वाट्याला काय येईल, याचा त्यांनी विचार केलेला नाही.

माजी आरजे (जळगाव)

धडगावच्या दादांचे म्हणणे खोडण्यासारखे माझ्याकडे काही नाही. पावरीतला कार्यक्रम आमच्या केंद्राने कधीही केला नसता. तो विकला गेला नसता, आणि जे विकले जात नाही ते आमच्याकडे पहिल्या महिन्यातच बंद होत असे.

नैमित्तिक उद्घोषिका

गाव आणि केंद्र सांगत नाही, त्याचे कारण आपण समजून घ्याल. कागद वाचणारे निवेदक म्हणजे आम्हीच, म्हणून लिहिते.

फोन-इनमध्ये फोन लवकर तोडावा लागतो, कारण पुढच्या कार्यक्रमाची वेळ मुंबईहून किंवा दिल्लीहून येणाऱ्या प्रक्षेपणाच्या जोडणीने बांधलेली असते आणि ती चुकली तर खुलासा आम्हाला द्यावा लागतो. यावलच्या भाऊंना झालेल्या त्रासाचे समर्थन करत नाही. त्यांचा प्रश्न ऐकून घ्यायला हवा होता. पण तज्ज्ञांशी आधी बोलून तयारी करण्याचा वेळ आमच्या मानधनात धरलेला नसतो. मी माझ्या पैशाने एसटीने येते, आदल्या दिवशी घरी वाचन करते, आणि हिशेब होतो तो फक्त ड्युटीचा.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली. ट्रान्समीटर, स्टुडिओ, यंत्रणा यांसाठी तो पैसा आवश्यक होता हे मी नाकारत नाही. पण त्या चांगल्या माइकसमोर कोण बसणार, याची तरतूद कुठे आहे? शुल्क घ्यायचे असेल तर त्यातला निवेदकाचा वाटा कायद्यात लिहून घ्या, नाहीतर तोही यंत्रांवरच जाईल.

केळीबाग (यावल)

ताई, आपण तयारी करता हे आपल्या लिहिण्यावरून दिसते, आणि माझा राग आपल्यावर नव्हता. शुल्काला माझा विरोध कायम आहे. तरीही ते कुणी आणणारच असेल तर माझ्या अटी लिहून ठेवतो. दारिद्र्यरेषेखालील घरे आणि सालदारांची घरे त्यातून वगळावीत. वसुलीसाठी कुणाच्या दारात तपासनीस येऊ नये, फौजदारी तर मुळीच नसावी. आणि पैसा कुणाला किती गेला हे दरवर्षी छापून जाहीर करावे. बीबीसीला २०१७ पासून ठरावीक मर्यादेहून (तेव्हा दीड लाख पौंड) अधिक घेणाऱ्या निवेदकांची नावे आणि रकमांचे टप्पे प्रसिद्ध करावे लागतात. त्यातूनच तेथील स्त्री-पुरुषांच्या मानधनातील तफावत उघड झाली आणि २०१८ मध्ये त्यांच्या चीनविषयक संपादक कॅरी ग्रेसी यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. शुल्क देणाऱ्याला एवढे विचारता येणार नसेल तर ते शुल्क नव्हे, खंडणी आहे.

पांझराकाठ (धुळे)

तिन्ही अटी मला मान्य आहेत. जिल्ह्याच्या वाट्याविषयी धडगावच्या दादांनी जे मांडले त्यावर निम्मा वाटा जिल्ह्याला आणि निम्मा लहान बोलींच्या सामायिक निधीला, असे मी सुचवतो. त्यांना ते अपुरे वाटेल याची कल्पना आहे. अहिराणीचा आग्रह मात्र सोडत नाही.

अक्राणी (धडगाव)

अपुरेच आहे. निम्म्या निधीत भिली, पावरी, मावची, लेवा गणबोली, गुजरी या सगळ्या बसवायच्या आणि उरलेल्या निम्म्यात जिल्ह्याजिल्ह्याच्या नावाने पुन्हा अहिराणी, हा हिशेब मला पटत नाही. आधी प्रत्येक बोलीतला एक तरी कायम निवेदक नेमा, मग टक्के ठरवू.