क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनचा शाफ्ट) घरी प्रेस करावा की कारागिराकडे द्यावा?

प्रश्न: सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन. कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) सैल होऊन वर-खाली हलतोय. रॉड किट आणि हायड्रॉलिक प्रेस आहे. घरी जमेल?

उत्तर १: पिन (जिच्यावर रॉड फिरतो ती) दाबणं सोपं, खरी कसोटी अलाइनमेंटची, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आणण्याची. क्रँक व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवून दोन्ही शाफ्टवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावा. रनआउट (फिरवताना दिसणारा डगमग) ०.०३ मिमीच्या आत हवा, नाहीतर व्हायब्रेशन येतं, मेन बेअरिंग (क्रँकला आधार देणारी) लवकर जातात. गेज नसेल तर विषय सोडा.

उत्तर २: पिनचं तेलाचं भोक वेबच्या (पिन जिच्यात दाबून बसते ती क्रँकची चकती) तेलाच्या भोकाशी जुळवा. चुकलं तर बिग एंड (रॉडचं पिनकडचं टोक) कोरडा चालून जाम होणारच. उघडण्याआधी दोन्ही वेबवर आडवी सरळ रेघ कोरा, परत जोडताना जुळवायला. रॉडचा साइड क्लिअरन्स (रॉड आणि वेबमधली फट) मॅन्युअलप्रमाणे ठेवा, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजून.

उत्तर ३: पिन हलक्या दाबाने सरकली तर वेबचं पिन बसायचं भोक सैल झालंय. वेल्डिंगने भागवू नका, वेब बदला. इंजिन घरी खोला, क्रँक तेवढा कारागिराकडे.