घरी बनवलेला स्टीलचा बंपर: प्लेटची जाडी नंतर, आधी ब्रॅकेट

रानवाटा
ऑफ-रोड गाडीला घरी स्टीलचा बंपर बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: प्लेट किती मिमीची घेऊ? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. बंपर चासीला कुठे आणि कशाने धरणार, ते आधी ठरवा.

माझी बाजू स्पष्ट सांगतो. बंपर घरी जरूर बनवावा. कंपनीचा प्लास्टिकचा बंपर ओढ्यात उतरताना सगळ्यात आधी टेकतो, क्लिपा तुटतात आणि एक बाजू लोंबायला लागते. तो खाली आणि पुढे आल्यामुळे अप्रोच अँगल, म्हणजे पुढचा भाग न टेकता गाडी चढू शकेल तो कोन, वाया जातो. गाडी रुतली तर पुढे एक बारका हुक असतो, तोही बऱ्याचदा गाडी ट्रकवर बांधण्यापुरताच. घरच्या बंपरने ही तिन्ही दुखणी जातात.

पण लोक भक्कमपणाच्या नादात ६ मिमीची प्लेट आणतात. स्टीलचं वजन १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. म्हणजे ३ मिमीची प्लेट चौरस मीटरला साडेतेवीस किलो, ६ मिमीची सत्तेचाळीस. पुढचा भाग, बाजू आणि खालची घडी धरून एक-दीड चौरस मीटर सहज लागतो. खरा ताठपणा येतो तो घडीतून. ३ मिमीची प्लेट दोन ठिकाणी दुमडून आतून गसेट, म्हणजे कोपऱ्यात आधाराचे त्रिकोणी तुकडे, मारले, की ती ६ मिमीच्या सपाट प्लेटपेक्षा ताठ होते. जाड माल राखून ठेवा तो ब्रॅकेटसाठी आणि शॅकलच्या (ओढायचा पट्टा अडकवायच्या कडीच्या) कानांसाठी, म्हणजे ती कडी ज्यात बसते त्या भोकाच्या पट्ट्यांसाठी.

म्हणून जुना बंपर काढून चासीची दोन्ही टोकं आधी उघडी करा. कंपनीच्या भोकांवरून पुठ्ठ्याचा साचा काढा, ब्रॅकेट कापा, बोल्टने बसवा. मग पुढची प्लेट गाडीवरच धरून वेल्डचे छोटे टाके मारा, बोनेटशी आणि चाकाशी अंतर तपासा, आणि पूर्ण वेल्डिंग बंपर खाली उतरवूनच करा. टाके मारताना बॅटरीची वायर काढलेली हवी.

धडकमोजणी
तुमचा मुद्दा निम्माच पटला. ब्रॅकेट महत्त्वाचा आहेच, पण तुम्ही तो भक्कम करायला सांगताय, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

गाडीचं पुढचं टोक चुरगळावं म्हणूनच बनवलेलं असतं. बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीजसाठी या कल्पनेचं पेटंट १९५२ मध्ये मिळवलं आणि १९५९ पासून ती त्यांच्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत आली. चासीवर बसलेल्या आजच्या बऱ्याच गाड्यांची पुढची टोकं नीट बघा. आडव्या खाचा किंवा वळ्या दिसतील. धडकेत त्या एकामागून एक मिटत जाव्यात अशी ती रचना असते.

आता साधा हिशोब करू. ताशी ५० किमीने जाणारी गाडी ६० सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर आतल्यांवर सरासरी १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट जोर, येतात. तीच ३० सेंटिमीटरमध्ये थांबली तर ३३ जी. गाडीचं वजन कितीही असो, हा आकडा बदलत नाही. तुम्ही खाचांवरून जाड ब्रॅकेट मागे नेऊन कसलात, की मिटायची जागाच बंद झाली. एअरबॅगचंही तेच. ती उघडायची की नाही, हे सेन्सर आणि संगणक काही मिलिसेकंदांत ठरवतात, आणि तो निर्णय कंपनीच्या मूळ बंपरसकट केलेल्या चाचण्यांवर बेतलेला असतो. पुढे ताठ स्टील आलं की धक्क्याचा आकारच बदलतो. एअरबॅग उशिरा उघडेल की नको तेव्हा उघडेल, हे घरी तपासायची सोय नाही.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला घरचा स्टीलचा बंपर लावू नये, हे माझं मत.

ठिणगी
दोघेही प्लेट आणि ब्रॅकेटवर बोलताय. घरच्या कामात मी जे निकामी झालेलं बघतो, तो असतो जोड.

ठरलेलं दृश्य असं: प्लेटवरची काळी पापडी न काढता वेल्डिंग केलेलं, कडा न तासता दोन जाड तुकडे एकमेकांना नुसते टेकवलेले, वर ६०१३च्या रॉडची जाडजूड रेघ. वरून छान दिसतं, पण मुळाशी धातू मिसळलेलाच नसतो. त्यात पुढे ती रेघ ग्राइंडरने घासून सपाट करतात आणि पुटी भरून रंग मारतात, म्हणजे बंपर एकाच तुकड्याचा वाटावा. जोडाला जेवढा धातू धरून होता, त्यातलाच बराचसा घासून टाकला!

भार येणाऱ्या जोडांना कडा तासून व्ही करा, मुळाची फेरी वेगळी घ्या, जमत असेल तर ७०१८ वापरा आणि रॉड कोरडे ठेवा, ओल धरली की त्यांचा उपयोग गेला. आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर जोड मारा, पकडीत धरून हातोड्याने वाकवा. जोड सोलून निघाला तर अजून हात बसलेला नाही. आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेतला असेल तर जोडाजवळचा मुलामा आधी काढा, त्याचा धूर घेऊन थंडी वाजून ताप येतो.

बंपर घरी बनवायला माझा विरोध नाही. पण वेल्डिंग शिकायला सुरुवात म्हणून बंपर निवडायला पक्का विरोध आहे.

रानवाटा
धडकमोजणी, खाचांवरून ब्रॅकेट नेऊ नये हे मान्यच, आणि मी तसं सुचवलेलंही नाही. कंपनीचा बंपर जिथे कसलेला असतो, त्याच तोंडावर नवा बसवायचा, खाचांच्या पुढे. बऱ्याच गाड्यांत चासी आणि बंपरच्या मध्ये चुरगळणारे डबे असतात, ते तसेच ठेवायचे. चासीला वेल्डिंग तर अजिबात नाही, फक्त बोल्ट. असं केलं तर मागचा मिटणारा भाग मोकळा राहतो.

दुसरं, वापर बघा. दगडांतून चालण्याच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. तिथे रेडिएटरवर दगड आला की माणसं जंगलात अडकून पडतात. तोही जिवाचाच प्रश्न आहे.

धडकमोजणी
त्या दगडांपर्यंत गाडी रस्त्यानेच जाते ना? त्याच रस्त्याने परत येते, घरच्यांना घेऊन. फक्त ट्रेलरवरून नेली जाणारी, एअरबॅग नसलेली गाडी असेल तर माझी हरकत नाही. पण चुरगळणारे डबे ठेवले म्हणून काम झालं, हे चूक आहे. डब्यांचा ताठपणा मूळ बंपरमागच्या आडव्या बीमच्या हिशोबाने ठरवलेला असतो. पुढे पन्नास किलो स्टील टांगलं की धडकेत त्या वजनाचा जोरही डब्यांवरच येतो. आणि ज्या गाड्यांना बंपरमागे रडार आहे, त्यांच्यापुढे स्टीलची प्लेट आली की रडारला पुढचं काही दिसत नाही, आपोआप ब्रेक लागायची सोयच जाते.

पायवाट
आतापर्यंत सगळी चर्चा गाडीत बसलेल्यांची झाली. समोरून चालत येणाऱ्याचं काय?

प्लास्टिकचा बंपर आणि त्यामागचा फोम दबतो, म्हणून पायाचं हाड वाचायची शक्यता असते. ३ मिमीची असो की ६ची, स्टीलची प्लेट पायाला दबत नाही. वर पाइपची उभी कमान, म्हणजे हूप, लावला तर तो लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीला येतो. युरोपीय संघाने २००५ मध्ये अशा पुढच्या गार्डांसाठी पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घालून दिल्या, त्या याच कारणाने. घरी बनवणाऱ्यांनी निदान हूप सोडावा, कोपरे आत वळवावेत आणि प्लेटची एकही उघडी कड पुढे ठेवू नये. एवढं सांगूनही, गर्दीत चालणाऱ्या गाडीला हा बंपर नकोच असं मला वाटतं.

डोंगरउतार
वजनाचा एक हिशोब राहिला. बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि बंपर पुढच्या धुरीच्या ०.८ मीटर पुढे धरा. ५० किलोचा बंपर आणि ४० किलोची विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) मिळून ९० किलो झाले, पण पुढच्या धुरीवर १२० किलो वाढतात आणि मागची ३० किलोने हलकी होते. मग गाडी नाक खाली घालून चालते आणि अप्रोच अँगलसाठी केलेल्या खटाटोपातला काही भाग पुढचं स्प्रिंग बसल्यामुळेच जातो. विंच खरंच हवी का, हे आधी ठरवा. ती रेडिएटरसमोरची हवाही अडवते.

ठिणगी
शॅकलच्या कानांबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त धोका त्यातच आहे.

पुढच्या प्लेटवर नुसता चिकटवलेला कान ओढताना सोलला जातो. रुतलेली गाडी ताणणाऱ्या पट्ट्याने झटक्यात ओढताना तो सुटला, तर कान आणि शॅकल दोन्ही पट्ट्याच्या ताणासकट उडतात, थेट समोरच्या गाडीच्या काचेकडे. कान प्लेटला खाच पाडून आरपार मागे न्यावा, दोन्ही बाजूंनी वेल्ड करावा आणि त्याचं शेपूट थेट ब्रॅकेटला जोडावं, म्हणजे भार प्लेटवर न येता बोल्टांवर जातो. एम १२ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट सरळ ताणात साधारण पावणेसात टनांना तुटतो, आडव्या कातरीत त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. झटक्याचा भार गाडीच्या वजनाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, म्हणून एका बाजूला दोन बोल्टांवर भागवू नका. १९ मिमीच्या बो शॅकलवर ४.७५ टन हा सुरक्षित भार कोरलेला असतो, त्यामागच्या जोडाने त्याहून जास्त पेलायला हवं.

ज्याला स्वतःच्या वेल्डची एवढी खात्री नाही, त्याने बंपर खुशाल बनवावा, पण कान लावू नयेत. ओढायचे हुक चासीला बोल्टने बसणारे तयार घ्यावेत आणि बंपरला त्यांच्यासाठी नुसती खिडकी ठेवावी.

रानवाटा
हुक वेगळे आणि बंपरला खिडकी, हे मला पूर्ण पटलं, त्याने बंपर ३ मिमीतही निभावतो. हूप नको, विंचही नको. एअरबॅगवर मात्र आपलं जमणार नाही. माझ्या मते जुनी, एअरबॅग नसलेली, फक्त चासीवरची गाडी असेल तर बनवा, आणि बंद पेटीच्या तळाला पाणी निघायला भोकं ठेवा.

धडकमोजणी
तशा गाडीला माझी ना नाही. बाकीच्या गाड्यांना आहे.