घराजवळून गेलेली हायटेन्शन लाइन: पत्र्याला झिणझिण्या, मोबाइलवर ४८ मायक्रोटेस्ला

गच्चीकर
भिंतीपासून २५ मीटरवरून उच्चदाब लाइन जाते. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन तारा, एकाखाली एक. इन्सुलेटरच्या एका माळेत १४ चकत्या. गच्चीच्या अर्ध्या भागावर लोखंडी पत्र्याची शेड आहे, सुमारे ५० चौरस मीटर.
तीन शंका आहेत. मोबाइलमधलं अॅप घरात ४८ मायक्रोटेस्ला (चुंबकक्षेत्राचं एकक) दाखवतं, हे धोक्याचं आहे का? पत्र्याला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात, त्या लाइनमुळेच का? आणि शेडच्या जागी सोलर पॅनेलचा सांगाडा उभारायचा तर काय बघावं?

चुंबकसुई
ते ४८ विसरा. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. तो पृथ्वीचं स्थिर चुंबकक्षेत्र दाखवतोय, आणि ते जगात कुठेही साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतंच. लाइनचं क्षेत्र सेकंदाला ५० (काही देशांत ६०) आवर्तनं करतं. अॅप ते सरासरीत गिळून टाकतं. रानात जाऊन बघा, तिथेही चाळीसच्या आसपास दाखवेल.

मोजायचं तर तीन अक्षांचा गॉसमीटर (चुंबकक्षेत्र तिन्ही दिशांनी मोजणारं यंत्र) हवा, ४० हर्ट्‌झच्या वरचं मोजणारा. आकडा मिलिगॉस या दुसऱ्या एककात आला तर दहाने भागा, की मायक्रोटेस्ला. जमिनीपासून १ मीटर उंचीवर, खोलीच्या मध्यावर धरायचा. एकदा मोजून काही कळत नाही. क्षेत्र तारेतल्या प्रवाहावर ठरतं, दाबावर (व्होल्टेजवर) नाही, त्यामुळे पहाटेचा आणि संध्याकाळच्या भाराच्या वेळचा आकडा दुप्पट-तिपटीने वेगळा येऊ शकतो. जिथे झोपता तिथे २४ तास नोंद घेणं उत्तम.

अंदाजापुरता हिशोब: ०.२ × प्रवाह × १.७३ × दोन तारांमधलं अंतर ÷ (तारेपासूनच्या अंतराचा वर्ग). प्रवाह ४०० अँपिअर, तारांत ५ मीटर, तुम्ही तारेपासून तिरपे २८ मीटर, तर जवळजवळ ०.९ मायक्रोटेस्ला. अंतर ५२ मीटर धरलं तर पाव मायक्रोटेस्लाच उरतो.

तारतम्य
सूत्र बरोबर, पण ते एका सर्किटचं आहे. एका सर्किटात तीन तारा, म्हणजे तीन फेज; इथे सहा तारा म्हणजे दोन सर्किटं. दोन्हीकडे फेजचा क्रम वरून खाली सारखाच असेल तर क्षेत्रं एकमेकांत मिळतात, म्हणजे १.८ च्या घरात. एका बाजूला क्रम उलटा असेल तर ती बरीचशी एकमेकांना खोडतात आणि अंतराच्या घनाने उतरतात. अर्थात दोन्हीकडे प्रवाह सारखा आणि एकाच दिशेने असेल तरच. हा क्रम जमिनीवरून दिसत नाही. मनोऱ्यावरच्या पाटीवरचा क्रमांक टिपून लाइनच्या मालकाला लेखी विचारा: फेजचा क्रम काय आणि वर्षातला सरासरी प्रवाह किती. कमाल क्षमतेचा आकडा घेऊन घाबरण्यात अर्थ नाही.

आता आरोग्याचं, कारण प्रश्नामागचं भय तेच आहे. आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०१० ची मर्यादा जनतेसाठी ५० हर्ट्‌झला २०० मायक्रोटेस्ला. ती लगेच होणाऱ्या परिणामांवर, म्हणजे मज्जातंतू उद्दीपित होण्यावर बेतलेली आहे. दीर्घकाळाच्या बाबतीत, सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. त्यावरून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००२ मध्ये हे क्षेत्र २बी गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, घातलं. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही आणि शरीरात हे नेमकं घडतं कसं तेही सापडलेलं नाही. तेव्हा ‘काहीच नाही’ म्हणणारे आणि ‘घर विका’ म्हणणारे, दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात. आकडा जास्त आला तर मुलांचे पलंग लाइनच्या विरुद्ध अंगाच्या खोलीत हलवा, खर्च शून्य. भिंतीला शिशाचे पत्रे, खास रंग वगैरे विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. विद्युतक्षेत्र साध्या भिंतीने आणि झाडांनी अडतं, चुंबकक्षेत्र मात्र त्यातून आरपार जातं.

आणि लाइनला दोष देण्याआधी घरातला मेन स्विच पाडून पुन्हा मोजा. आकडा एकदम खाली आला तर दोष घरच्या वायरिंगचा. एखाद्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात घ्या. शून्य यायला हवं. येत नसेल तर न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या सर्किटला किंवा अर्थला मिळालंय.

जोडारी
पत्र्याकडे कोणी वळलंच नाही, आणि जीव जायचा तर तो तिथे जाईल.

लाइनच्या विद्युतक्षेत्रात अधांतरी धातू भारित होतो. क्षेत्र १ किलोव्होल्ट प्रति मीटर धरलं तर ५० चौरस मीटर पत्र्यातून अर्थकडे जेमतेम ०.१४ मिलिअँपिअर वाहील. चटका बसतो तो साठलेला भार बोटाच्या टोकाशी ठिणगीने उतरतो म्हणून. हे त्रासदायक असलं तरी जीवघेणं नाही. मात्र शेडमधल्या दिव्याची वायर स्क्रूखाली चिरडली असेल तरी झिणझिण्या अगदी अशाच येतात, आणि पाऊस पडला की त्याच पत्र्याने माणूस मरतो. म्हणून आधी हे दोन वेगळे करा. टेस्टरचा भरवसा नको, तो दोन्हींत पेटतो. नुसता डिजिटल मल्टिमीटरही फसवतो, त्याचा रोध इतका मोठा की प्रेरित दाबालाही शेकड्यात दाखवेल.

१० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर घ्या. रबरी हातमोजे घालून एक टोक घराच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं पत्र्याच्या खरवडलेल्या जागी चिमट्याने लावा. मगच मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर. लाइनचा प्रेरित दाब असेल तर एक-दोन व्होल्टवर कोसळेल. दहा-वीस किंवा जास्त टिकून राहिले तर वायरिंगची गळती समजा. मग मेन पाडून पुन्हा बघा, आणि इन्व्हर्टरही बंद करा. लोक मेन पाडतात आणि शेडचा दिवा इन्व्हर्टरवर निघतो.

काहीही निघो, पत्रा अर्थ करायचाच. रंगीत पत्रे एकमेकांवर टेकले म्हणून जोडले जात नाहीत. प्रत्येक पत्र्याचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घालून ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरने पत्रा-पत्रा जोडा, दोन टोकांच्या पत्र्यांत १ ओहमच्या आत रोध आला पाहिजे. पत्रा जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर तांबं थेट लावू नका, दोन पावसाळ्यांत सांधा खाल्ला जातो; कथील चढवलेला लग (वायरच्या टोकाला बसवायची चकती) वापरा. पन्हळी आणि पाइपही त्यातच जोडा.

यात एक चूक हमखास होते: शेडसाठी वेगळा अर्थचा खड्डा. समजा तो ५० ओहमचा निघाला. २३० व्होल्टची वायर पत्र्याला लागली तर ४.६ अँपिअर वाहतील, एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच) हलणार नाही आणि पत्रा भारितच राहील. शेडचा अर्थ घराच्या मुख्य अर्थ टर्मिनललाच जोडा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा.

गच्चीकर
रेझिस्टर लावून १.१ व्होल्ट. मेन आणि इन्व्हर्टर बंद करूनही तेवढेच. म्हणजे लाइनचंच ना? आणि पावसात तारांतून चरचर ऐकू येते, ते काय?

जोडारी
हो, ०.११ मिलिअँपिअर, लाइनचंच. जोडण्या तरीही करा.

झोळ
चरचर म्हणजे कोरोना. तारेवर लोंबणाऱ्या थेंबाच्या टोकाशी क्षेत्र एकवटतं आणि हवा फुटते. पाऊस-धुक्यात ते नेहमीचंच. कोरड्या दिवशी एकाच मनोऱ्यावरून फुटल्यासारखा आवाज आला किंवा रात्री एखाद्या माळेवर निळसर ठिणग्या दिसल्या तर मात्र कळवा. चकती तडकलेली किंवा धुळीने माखलेली असते, आणि पहाटेच्या दवात तिच्यावरून ठिणगी पडते.

सोलरचं. १४ चकत्या म्हणजे बहुधा २२० किलोव्होल्ट, पण चकत्यांवर विसंबू नका, पाटी बघा. दिसतं ते अंतर खरं नसतं. भार आणि ऊन वाढलं की तार लांबते: दोन मनोऱ्यांमधल्या ३०० मीटरच्या गाळ्यात ६ मीटरचा झोळ (तारेचं मधलं लोंबणं) आठाच्या आसपास जाऊ शकतो, शिवाय वाऱ्याने तार आडवी घराकडे झुकते. हिवाळ्यातल्या सकाळी मोजून परवानगी मागायला गेलात तर तो आकडा कामाचा नाही. काठी किंवा धातूची टेप वर नेऊन मोजायचं नाही, स्पर्शाची गरजच नसते, हवेतूनच चाप (विजेची मोठी ठिणगी) पडतो. तारेची उंची मोजायचा अल्ट्रासॉनिक मीटर असतो, किंवा लाइनच्या मालकाचा सर्वेक्षक बोलवा. सुरक्षित अंतर तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे त्यांच्याकडून लेखी घ्या. क्रेन लागणार असेल तर लाइन बंद ठेवण्याची तारीखही त्याच पत्रात मागा.

सांगाडा आणि पॅनेलच्या चौकटी वरच्याच पद्धतीने जोडा. उभारताना ६ मीटरचा पाइप आडवाच न्यायचा, गच्चीवर उभा करायचा नाही. पॅनेल धुण्यासाठी मिळणारा लांबणारा अॅल्युमिनियमचा दांडा घेऊ नका. फायबरग्लासचा घ्या, तोही पूर्ण न ताणता. ओला झाला की तोही वीज वाहतो.