लिनक्स मिंटसाठी वायरलेस कीबोर्ड-माऊस: डोंगल घ्यावा की ब्लूटूथ?

पाटी_पेन्सिल
डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ आणि विंडोज ११, ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही, चालू करताना एक निवडायची). लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा भाग) एन्क्रिप्टेड आहे, मशीन चालू होतानाच पासफ्रेज (लांब पासवर्ड) टाकावा लागतो. सध्याचा डोंगलवाला (यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरचा) माऊस मध्येच थबकतो आणि मग पॉइंटर उडी मारतो. डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात आहे. नवी जोडी कोणती घेऊ?

टर्मिनलकर
पासफ्रेज टाकावा लागतो, तिथेच निर्णय झाला: डोंगल घ्या. डोंगलवाला कीबोर्ड मशीनला साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये), ग्रबच्या (लिनक्स की विंडोज निवडायच्या) यादीत आणि पासफ्रेजच्या पडद्यावर चालतो. ब्लूटूथची सेवा त्यानंतर, सिस्टीम वर आल्यावर सुरू होते. ब्लूटूथच हवं असेल तर वायरचा एक कीबोर्ड कायम हाताशी ठेवावा लागेल.

लॉजिटेक घेतलंत तर खोक्यावर डोंगलचा प्रकार नीट वाचा. त्यांचे दोन प्रकार आहेत: जुना युनिफाइंग आणि नवा बोल्ट. युनिफाइंगवर केशरी चिन्ह असतं, त्या एका डोंगलला सहा उपकरणं जोडता येतात. बोल्टलाही सहा. पण युनिफाइंगचा माऊस बोल्टच्या डोंगलला जोडला जात नाही, उलटही नाही. कीबोर्ड एका प्रकारचा आणि माऊस दुसऱ्या प्रकारचा घेतलात की दोन पोर्ट अडतात.

जोडणीसाठी सोलार (लिनक्सवर लॉजिटेकचे डोंगल हाताळणारं ॲप) टाका, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं. टाकल्यावर डोंगल एकदा काढून परत लावा, नाहीतर परवानगीची त्रुटी येते, कारण यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाचा) नवा नियम डोंगल लावतानाच लागू होतो. मग ‘पेअर’ दाबा आणि माऊसचा स्विच बंद करून चालू करा. यासाठी साधारण तीस सेकंद मिळतात.

एक काम आवर्जून करा. २०१६ साली माऊसजॅक नावाची त्रुटी उघड झाली होती. बऱ्याच कंपन्यांच्या डोंगलना दुरून खोटे कीस्ट्रोक (कळ दाबल्याचे संदेश) पाठवता येत होते. जुना युनिफाइंग डोंगल वापरणार असाल तर आधी एफडब्ल्यूयूपीडीने (लिनक्सच्या फर्मवेअर अपडेट साधनाने) त्याचं फर्मवेअर, म्हणजे डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा.

उंदीरमामा
थबकण्याचं कारण तो निळा, म्हणजे यूएसबी ३ चा, पोर्टच असणार. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. त्यात मध्ये कॅबिनेटचा पत्रा. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करताना त्रास वाढला तर निदान पक्कं समजा. अर्धा-एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल आणा आणि डोंगल टेबलावर, माऊसच्या जवळ ठेवा. नवी जोडी घेतलीत तरी ही केबल लागेलच.

लक्षण थोडं वेगळं असेल, म्हणजे माऊस काही सेकंद न हलवता ठेवल्यावर पहिली क्लिक वाया जात असेल, तर तो ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला रिकामं यूएसबी उपकरण झोपवणं. पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या साधनाचं ‘ऑटो-ट्यून’ चालवलं असेल तर ते बंद करा. डेस्कटॉपवर त्याने वाचणारी वीज नगण्य असते.

पाटी_पेन्सिल
केबलने फरक पडला, पॉइंटर आता सरळ चालतो. आभार! डोंगलच घेतो. पण टॅबलेटचा ब्लूटूथ कीबोर्ड कधीतरी याच मशीनला लावायचा झाला तर ड्युअल बूटमध्ये चालेल का?

टर्मिनलकर
चालेल, पण विंडोजला जोडलात की लिनक्समधली जोडणी तुटेल. दोन्हीकडे ब्लूटूथ अडॅप्टरचा पत्ता एकच असतो, पण प्रत्येक जोडणीत गुप्त किल्ली नवी बनते आणि कीबोर्ड शेवटचीच लक्षात ठेवतो. उपाय: आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये. नंतर विंडोजच्या रजिस्ट्रीतली (सेटिंग्जच्या साठ्यातली) किल्ली लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरमधल्या त्या उपकरणाच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये टाका आणि ब्लूटूथ सेवा रीस्टार्ट करा. ब्लूटूथ लो एनर्जीच्या (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या) उपकरणात एकाऐवजी तीन-चार किंमती न्याव्या लागतात, आणि काही माऊस प्रत्येक जोडणीला स्वतःचा पत्ताही बदलतात. तेव्हा फोल्डरचं नावसुद्धा बदलावं लागतं.

उंदीरमामा
ब्लूटूथसीटीएलने (टर्मिनलमधल्या ब्लूटूथ कमांडने) जोडत असाल तर ‘पेअर’नंतर ‘ट्रस्ट’ द्यायला विसरू नका. ते राहिलं की रीबूटनंतर कीबोर्ड आपणहून जोडला जात नाही. पडद्यावर सहा आकडे आले तर ते त्याच कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं.