मदत हवी आहे : स्टार्टर आणि रिलीव्हर यांच्यावरील खर्चाची विभागणी कशी ठरवावी?

नमस्कार. मेजर लीग बेसबॉलमधील संघांनी पिचरांवरील (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंवरील) पैसा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) आणि रिलीव्हर (नंतर त्याची जागा घेणारा पिचर) यांच्यात कसा वाटावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. यांकीजने डिसेंबर २०१९ मध्ये स्टार्टर गेरिट कोलशी ९ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलरचा करार केला, तर मेट्सने २०२२ मध्ये क्लोजर (सामन्याचा शेवट सांभाळणारा रिलीव्हर) एडविन डियाझशी ५ वर्षांसाठी १०.२ कोटींचा, म्हणजे वर्षाला अनुक्रमे ३.६ कोटी आणि सुमारे २ कोटी. तंदुरुस्त, अव्वल स्टार्टर हंगामात १८० ते २०० इनिंग टाकतो आणि क्लोजर जेमतेम ६० ते ७०, त्यामुळे निव्वळ इनिंगच्या हिशेबाने क्लोजर फार महाग पडतो. मात्र एका धावेच्या आघाडीवरील नवव्या, म्हणजे सहसा शेवटच्या, इनिंगचे मोल सुरुवातीच्या इनिंगपेक्षा जास्त धरावेच लागते. ते किती जास्त धरावे, इथेच माझे गाडे अडते.

रॉकीजने २०१७-१८ च्या हिवाळ्यात डेव्हिस, शॉ आणि मॅगी या तीन रिलीव्हरांवर मिळून १०.६ कोटी डॉलर लावले. संघ २०१८ मध्ये प्लेऑफपर्यंत पोहोचला खरा, पण शॉ त्याच हंगामात ढेपाळला आणि डेव्हिस पुढच्या वर्षी. रिलीव्हरांची कामगिरी इतकी बेभरवशाची असेल, तर त्यांना दीर्घ करार देणे मला तरी पटत नाही.

मोक्याच्या इनिंगला दीडपट की दुप्पट वजन द्यावे, आणि क्लोजर जायबंदी झाल्यास त्याची जागा दुय्यम रिलीव्हर घेतो हे लक्षात घेऊन ते कमी करावे का, हे कृपया उदाहरणासह सांगावे.