'सरासरी क्षेत्रा'च्या पलीकडे की पुढे?

विचारणा

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अणुकेंद्राच्या रचनेवर लेख लिहिते आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तो आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागेल. ('केंद्रक' पेशीतही असतं, म्हणून 'अणुकेंद्र'च ठेवलंय.) 'मीन फील्ड'पाशी, म्हणजे सगळ्या कणांनी मिळून तयार केलेल्या सामाईक क्षेत्राच्या कल्पनेपाशी, अडले आहे. 'माध्य क्षेत्र' लिहिलं तर मुलांना संख्याशास्त्राचा तास आठवतो. 'सरासरी क्षेत्र' लिहिलं तर क्रिकेट आठवतं आणि काहीतरी ढोबळ, कामचलाऊ असल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. 'बियाँड मीन फील्ड'साठी, म्हणजे या कल्पनेत आणखी भर घालणाऱ्या प्रतिमानांसाठी, मी 'सरासरी क्षेत्रापलीकडची प्रतिमानं' असं लिहिलं. एका सहकाऱ्यांनी वाचून विचारलं, "म्हणजे आधीचं चूक ठरलं का?" मला तसं अजिबात म्हणायचं नव्हतं. शब्द चुकला की वाक्य?

पहिला प्रतिसाद

ताई, शब्द चुकला. 'पलीकडे' म्हटलं की मराठी माणसाला मध्ये नदी दिसते. मुठा ओलांडून डेक्कनला गेलात की पेठा मागच्या काठावर राहिल्या. इथे तसं नाही. स्वारगेटहून कात्रजला जातो, तसं आहे हे. रस्ता तोच, स्वारगेट लागणारच, फक्त तिथे उतरायचं नाही. म्हणून 'सरासरी क्षेत्राच्या पुढे'.

आता 'सरासरी'. हा शब्द सोडू नका. फारसीत 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडून. 'मीन फील्ड'चा अर्थ नेमका हाच आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर उभे राहा. कुणा एकाचं कोपर तुम्हाला ढकलत नसतं, तुम्हाला जाणवतो तो गर्दीचा रेटा. आणि तो रेटा बाहेरून कुणी दिलेला नसतो. तुम्ही धरून सगळ्यांनी मिळूनच तो तयार केलेला असतो. अणूत इलेक्ट्रॉनांना निदान मधलं केंद्र धरून ठेवतं. अणुकेंद्रात मधे कुणीच नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन जे क्षेत्र तयार करतात, त्याच क्षेत्रात ते फिरतात. हार्ट्री-फॉक पद्धतीत म्हणूनच एक क्षेत्र मानून कण त्यात मांडायचे, त्या कणांवरून नवं क्षेत्र काढायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत हे करत राहायचं.

'ढोबळ' तर मुळीच म्हणू नका. प्रत्येक कण सामाईक क्षेत्रात एकटा फिरतो, एवढ्या कल्पनेला कणाची फिरकी (स्पिन) आणि कक्षीय गती यांच्यातल्या प्रबळ बंधाची जोड दिल्यावर २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या जादुई संख्यांचा, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन इतके असले की अणुकेंद्र विशेष स्थिर असतं त्या संख्यांचा, उलगडा झाला. मारिया गोपर्ट मायर यांनी एकीकडे आणि हान्स येन्सेन यांच्या गटाने दुसरीकडे १९४९ मध्ये हे दाखवलं. १९६३ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

मग पुढे का जायचं? कारण गर्दीत ढोल-ताशाचं पथकही असतं. तिथे वादक नुसत्या रेट्याने हलत नाही, शेजारच्याच्या टिपरूवर त्याचे कान असतात. कणांचं हे एकमेकांकडे लक्ष सरासरीत पुसलं जातं. ते परत हिशेबात घेणं म्हणजे पुढे जाणं.

दुसरा प्रतिसाद

सरांचं 'पुढे' पटलं. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे दोन शब्दांबद्दल सांगते.

'कोरिलेशन'ला 'सहसंबंध' रूढ आहे, तोच ठेवा. पण पहिल्यांदा येईल तिथे 'एकमेकांचं भान' असं उलगडून लिहा.

दुसरा शब्द 'प्रोजेक्शन'. इथे मात्र जपा. 'प्रक्षेपण' लिहिलंत तर मुलांना आकाशवाणी नाहीतर श्रीहरिकोटा आठवेल. भूमितीत 'प्रक्षेप' आहे, तो घ्या. फक्त अणुकेंद्रात तो नेमका कशाचा, हे सरांनी सांगावं.

पहिला प्रतिसादक पुन्हा

सांगतो, कारण मला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग हाच. सरासरी क्षेत्राच्या गणितात लांबट अणुकेंद्र कुठल्यातरी एका दिशेला तोंड करून उभं राहतं. प्रत्यक्षात शून्य फिरकीच्या अवस्थेला कुठलीच दिशा खास नसते. म्हणजे गणिताच्या सोयीसाठी आपण सममिती मोडली. मग तेच अणुकेंद्र सगळ्या दिशांना वळवून, त्या साऱ्या अवस्थांची बेरीज करून सममिती परत आणायची. हा कोनीय संवेगावरचा प्रक्षेप. कणांच्या जोड्या हिशेबात घेताना कणसंख्याही अशीच धूसर होते, तिथेही प्रक्षेप लागतो.

आकाराचंही तेच. शिसे-१८६ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १०४ न्यूट्रॉन. त्याच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या तिन्ही अवस्था शून्य फिरकीच्या आहेत आणि त्यांचे आकार गोल, चपटा आणि लांबट असे मानले जातात. २००० साली हे त्रिकूट जाहीर झालं. तिघींच्या ऊर्जेतलं अंतर ७०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्याही आत आहे. सरासरी क्षेत्र हे आकार सुटे सुटे दाखवतं. अवस्था इतक्या जवळ असल्या की आकार एकमेकांत मिसळतात, आणि ती मिसळण मोजायला एका क्षेत्राचं गणित पुरत नाही. वेगवेगळ्या आकारांच्या अवस्था योग्य प्रमाणात मिसळायची पद्धत डेव्हिड हिल आणि जॉन व्हीलर यांनी १९५३ मध्ये मांडली. त्यातला प्रत्येक आकार सरासरी क्षेत्रातूनच येतो. म्हणून पुन्हा सांगतो, 'पुढे'.

विचारणाऱ्या ताई

सर, ताई, मनापासून आभार. परिच्छेद असा बदललाय:

'सरासरी क्षेत्र म्हणजे सगळ्या कणांनी मिळून तयार केलेला रेटा. त्यात प्रत्येक कण एकटा चालतो. त्याच्या पुढची प्रतिमानं हा रेटा पायाशी ठेवतात आणि कणांना एकमेकांचं असलेलं भान, म्हणजे सहसंबंध, त्यात मिळवतात.'

शीर्षकात 'पुढे' घेतलंय. शिसे-१८६ चे तीन आकार मुलांकडून शाडूत करून घेणार आहे, ते भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर ठेवू.