काम थांबलेल्या नटाने स्वतःसाठी संहिता लिहावी का?

रंगवाट

काही वर्षे रंगभूमीवर आणि मालिकांमध्ये सातत्याने काम केल्यानंतर आता माझ्याकडे भूमिका येणे जवळजवळ बंद झाले आहे. ऑडिशनसाठी अधूनमधून बोलावणे येते, परंतु ते नायकाचा थोरला भाऊ किंवा दोन वाक्ये बोलून निघून जाणारा पोलीस अधिकारी अशाच भूमिकांसाठी असते आणि बहुतेक वेळा तीही दुसऱ्या कोणाला तरी मिळते. एका निर्मात्याने तर, तुमचा चेहरा लोकांना माहीत आहे पण नावावर तिकिटे खपत नाहीत, असे तोंडावर सांगितले. त्यामुळे स्वतःच एकपात्री लिहून त्याचे प्रयोग करावेत असा विचार मनात आहे. लेखनाचा मला अनुभव नाही. काम मिळेना म्हणून हा खटाटोप चालला आहे, असा लोकांचा समज होईल का? आणि सुरुवात नेमकी कोठून करावी?

तिसरी घंटा

लोकांच्या समजाची चिंता सोडून द्या, कारण काम मिळत नाही म्हणून लिहायला बसलेल्या नटांची परंपरा चांगली मोठी आहे. चॅझ पाल्मिन्टेरी हा अमेरिकन नट काम नसताना एका क्लबच्या दारावर रखवालदारी करत होता आणि ती नोकरीही गेल्यावर त्याने लहानपणी डोळ्यांदेखत घडलेल्या एका खुनाच्या आठवणीवरून 'अ ब्रॉन्क्स टेल' लिहायला घेतले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची पद्धत. पूर्ण नाटक एकदम न लिहिता तो पाच-पाच मिनिटांचे तुकडे लिहून नाट्यकार्यशाळेत करून दाखवत असे, आणि जे प्रेक्षकांसमोर टिके तेवढेच ठेवत असे. 1989 साली त्याचे एकपात्री रंगमंचावर आले. चित्रपटाच्या हक्कांसाठी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, पण पटकथा मीच लिहीन आणि त्यातल्या सनी या गुंडांच्या म्होरक्याची भूमिका मीच करीन या अटीवर तो अडून राहिला. अखेर रॉबर्ट डी नीरो यांनी ती अट मान्य केली आणि 1993 साली त्यांच्याच दिग्दर्शनाखाली तो चित्रपट आला.

लेखनाचा अनुभव नाही म्हणता, पण इतकी वर्षे दुसऱ्यांची वाक्ये तोंडात घोळवताना कोणते वाक्य बोलता येते आणि कोणते जिभेवर अडखळते हे तुम्हाला कळलेले आहे, आणि अनेक लेखकांना ते कधीच कळत नाही. म्हणून आधी बोला, ध्वनिमुद्रण करा आणि मग त्यावरून उतरवून घ्या.

विंगेतून

मी एकपात्री प्रयोग बसवतो, म्हणून तालमीतले थोडे सांगतो. नट स्वतःसाठी लिहितो तेव्हा त्याला आपल्या सगळ्या जमेच्या बाजू दाखवायच्या असतात, आणि तेथेच प्रयोग नकलांचा कार्यक्रम होऊन बसतो. आठ माणसे उभी करण्यापेक्षा तीन करा, पण प्रत्येकाची नजर कोठे आणि किती उंचीवर जाते हे पक्के ठरवा. मूल बापाशी बोलताना जेथे वर पाहते, तेथूनच बापाने खाली पाहिले पाहिजे. हा कोन एकदा जरी चुकला तरी समोरचा बाप नाहीसा होतो आणि आवाज बदलून काहीही उपयोग होत नाही. मान इकडून तिकडे फिरवत बसू नका, मधला क्षण कापा.

नेपथ्य एका खुर्चीत भागेल असेच लिहा. हा काटकसरीचा सल्ला नाही. ज्या प्रयोगाला कोणाचीही परवानगी आणि कोणाचाही पैसा लागत नाही, तोच प्रयोग वारंवार होतो, आणि वारंवार झाल्याखेरीज एकपात्री पिकत नाही. दिग्दर्शक मात्र बाहेरचा घ्या, कारण स्वतःच्या वाक्यांवर कात्री चालवणे स्वतःला जमत नाही.

काळा पडदा

वरील प्रतिसादांशी मी सहमत आहे, तरीही एक दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. निया वार्डालोस हिला भूमिका मिळत नव्हत्या, म्हणून तिने स्वतःच्या ग्रीक कुटुंबावर लॉस एंजेलिसमध्ये एकपात्री केले. अभिनेत्री व निर्मात्या रीटा विल्सन यांनी ते पाहिले आणि त्यातून 2002 साली 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' हा चित्रपट झाला. सुमारे 50 लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात 36 कोटींहून अधिक डॉलर मिळवले. मात्र पुढच्याच वर्षी त्यावरून आलेली दूरचित्रवाणी मालिका सात भागांतच बंद पडली. स्वतःच्या कामाने दार उघडते हे खरे, पण ते दार तुमच्या जुन्या कारकिर्दीचेच असेल असे नाही. थोरल्या भावाच्या भूमिका देणारे लोक तुम्ही एकपात्री केल्यामुळे नायकाची भूमिका देऊ लागतील, ही अपेक्षा ठेवून लिहू नका. तशी अपेक्षा असली की संहिता निर्मात्यांना उद्देशून लिहिली जाते आणि प्रेक्षकांना ते लगेच जाणवते.

रंगवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरते. एका मित्राने सोबत लिहिण्याची तयारी दाखवली आहे. अशा वेळी हक्कांचे काय करावे?

तिसरी घंटा

पहिल्या बैठकीपूर्वीच लेखी ठरवा, मैत्री कितीही जुनी असली तरी. लेखन आणि कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातील देशांमध्ये लेखनावरचा स्वामित्वहक्क नोंदणीवर अवलंबून नसतो, तो लिहिल्याबरोबर निर्माण होतो. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही, म्हणून 'कल्पना माझी, लेखन त्याचे' अशी तोंडी विभागणी पुढे तुमच्याच अंगलट येऊ शकते. श्रेयनामावलीत नावे कशी येतील, प्रयोगाच्या उत्पन्नाचा वाटा किती आणि चित्रपटाची विचारणा झाल्यास निर्णय कोणाचा, हे तीन मुद्दे त्या कागदात असू द्या. मुख्य भूमिका तुम्हीच करणार हेही त्यातच लिहा, कारण तुम्ही हे सगळे ज्यासाठी करता आहात ते तेच आहे.